‘अस्का’ पॉझिटिव्ह आणि आखूड न झालेली पँट

पत्र

माझा मुलगा ११ वर्षांचा, सहावीत आहे. गेले पाच-सहा महिने त्याचं पोट दुखतं. दिवसातून तीन-चारदा संडासला जावं लागतं, कधी कधी रात्री झोपेतून उठूनसुद्धा. दोन-तीनदा शौचात रक्त दिसलं. जंताचं औषध झालं, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. एका नातेवाइकांनी सुचवलं म्हणून आम्ही थेट लॅबमध्ये जाऊन रक्ताची मोठी तपासणी करून घेतली. त्यात ‘अस्का आयजीजी’ थोडंसं पॉझिटिव्ह, ‘अस्का आयजीए’ निगेटिव्ह आणि ‘एएनसीए’ निगेटिव्ह आलंय. खाली छापलंय की क्रोन्स डिसीजची शक्यता आहे. यजमान म्हणतात, थोडंसंच पॉझिटिव्ह आहे, मनावर घेऊ नकोस. ही अँटीबॉडी यीस्टविरुद्ध असते असं वाचल्यापासून मी पाव, ब्रेड, इडली, डोसा, जिलबी सगळं बंद केलंय. आता डॉक्टर दुर्बिणीने आतडं बघायचं म्हणतात. रक्तातून निदान होत असेल तर एवढ्याशा पोराला भूल देऊन नळी कशाला घालायची? आणि धाकटी ७ वर्षांची आहे, तिचंही रक्त तपासून घेऊ का? बाकीचे रिपोर्ट थोडे इकडेतिकडे आहेत. हिमोग्लोबिन ९.४, ईएसआर ४८, प्लेटलेट ५ लाख ६० हजार, अल्ब्युमिन ३.१. जेवायला नको म्हणतो. मागच्या जूनमध्ये घेतलेली शाळेची पँट त्याला अजून नीट होते.

— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्या आहेत. ‘बाकीचे रिपोर्ट थोडे इकडेतिकडे’ आणि ती पँट. मी डॉक्टर म्हणून आधी तिथेच थांबले.

वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर उंच होतं. वर्षभरात ४ सेंटिमीटरसुद्धा वाढ झाली नाही तर आम्ही कारण शोधायला लागतो. जूनमध्ये घेतलेली पँट पुढच्या वर्षी घोट्याच्या वर यायला हवी. ती अजून नीट होते, याचा अर्थ तुमच्या मुलाची वाढ मंदावली असावी. आतड्यात खोलवर चाललेला दाह मुलांच्या वाढीवर असा परिणाम करतो, आणि कित्येकदा पोटदुखीच्याही आधी. मोठ्या माणसाला क्रोन, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ दाह देणारा आजार, झाला तर वजन घटतं, मुलाची उंचीच अडते. आणि वाढीची वर्षं मोजकीच असतात, म्हणून मुलांच्या बाबतीत आम्हाला घाई असते.

आता ते ‘इकडेतिकडे’ आकडे. या वयात हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली गेलं की त्याला ॲनिमिया म्हणतात, तुमच्या मुलाचं ९.४ आहे. रक्त शौचावाटे जातंय, आणि दाहामुळे शरीराला असलेलं लोहही नीट वापरता येत नाही. ईएसआर दाहाची खूण आहे. प्लेटलेट वाढतात त्याही दाहामुळे. अल्ब्युमिन कमी झालंय, कारण सुजलेल्या आतड्यातून प्रथिनं झिरपून जातात आणि यकृतही ते कमी बनवतं. हे चारही आकडे एकाच बाजूला बोट दाखवताहेत. त्यात रक्त पडणं आणि रात्री झोपेतून उठून संडासला जाणं घाला. नुसत्या चिंतेनं किंवा ‘नाजूक पोटानं’ मूल रात्री असं उठत नाही.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. दुर्बिणीची तपासणी करून घ्या, आणि लवकर करा. अस्का पॉझिटिव्ह आलंय म्हणून मी हे सांगत नाही. अस्का निगेटिव्ह असतं तरी हेच सांगितलं असतं.

यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्या ‘थोड्याशा पॉझिटिव्ह’ला फार वजन देऊ नये हे खरं. पण म्हणून आजारच नाही, हे मात्र चूक.

अस्का म्हणजे काय ते सांगते. पाव फुगवायला जे यीस्ट वापरतात, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, त्याच्या पेशीच्या भिंतीवर मॅनन नावाची साखर असते. काहींच्या रक्तात तिच्याविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे शरीरानं बनवलेली संरक्षक प्रथिनं, सापडतात. आयजीजी आणि आयजीए हे त्यांचे दोन प्रकार. क्रोनच्या रुग्णांत त्या जास्त दिसतात, हे १९८८ साली पहिल्यांदा लक्षात आलं. पुढे अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याला दाह होऊन व्रण पडतात त्या आजारात, पी-एएनसीए ही दुसरी अँटीबॉडी जास्त दिसते असं कळलं. ती आपल्याच पांढऱ्या पेशींविरुद्ध असते. या दोन्ही आजारांना मिळून आयबीडी म्हणतात. मग एक सुटसुटीत सूत्र रूढ झालं. अस्का पॉझिटिव्ह आणि पी-एएनसीए निगेटिव्ह असेल तर क्रोन, उलट असेल तर कोलायटिस. नंतर आतड्यातल्या जिवाणूंविरुद्धच्या अँटीबॉडींचीही भर पडली आणि लॅबमध्ये त्यांची पॅकेजेस आली. लहान मुलाला नळी न घालता, हातातून चमचाभर रक्त काढून निदान व्हावं, हे आम्हा बालरोगतज्ज्ञांचंही स्वप्न होतं. म्हणूनच मुलांवर त्याचे भरपूर अभ्यास झाले.

त्या अभ्यासांचं सार असं की क्रोन असलेल्या साधारण निम्म्या, फार तर साठ टक्के रुग्णांतच अस्का पॉझिटिव्ह येतं. उरलेल्यांना आजार असूनही ते निगेटिव्ह येतं. अगदी लहान, सात-आठ वर्षांखालच्या मुलांत तर ते आणखी कमी वेळा सापडतं. अमेरिकेत मुलांवरच्या अभ्यासांत या महागड्या अँटीबॉडी पॅकेजची तुलना हिमोग्लोबिन आणि ईएसआरसारख्या साध्या तपासण्यांशी केली गेली, तेव्हा साध्या तपासण्याच सरस ठरल्या. म्हणजे तुमच्या गावच्या लॅबमध्ये थोडक्या पैशात होणारा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि ईएसआर तुमच्या मुलाबद्दल त्या मोठ्या पॅकेजपेक्षा जास्त सांगून गेला आहे.

एक साधा हिशेब मांडून दाखवते. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा नुसतं पोट दुखणारी १००० मुलं आहेत आणि त्यांतल्या १० जणांना आयबीडी आहे. तपासणी दहांपैकी सहांना पकडते, आणि आजार नसलेल्या दर शंभरातल्या दहांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. तर खरे पॉझिटिव्ह झाले ६ आणि खोटे ९९. एकशे पाच आयांची झोप उडणार, आणि त्यांतल्या सहा मुलांनाच आजार असणार! आता उलट बाजू बघा. तुमच्या मुलासारखी, म्हणजे रक्त पडणारी, वाढ थांबलेली, हिमोग्लोबिन उतरलेली १०० मुलं घ्या आणि त्यांतल्या ७० जणांना आजार आहे असं धरा. तीच तपासणी केली तर ५५ मुलं निगेटिव्ह येतील, आणि त्या ५५ पैकी २८ जणांना आजार असेलच. ज्याच्यावर संशय नाही त्याला ही तपासणी उगाच घाबरवते, आणि ज्याच्यावर दाट संशय आहे त्याला खोटा दिलासा देते.

या दुसऱ्या चुकीची मला जास्त भीती वाटते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी आली होती, तुमच्या मुलाच्याच वयाची. अँटीबॉडीचं सगळं पॅकेज निगेटिव्ह आलं, म्हणून घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पुढची तपासणी राहून गेली. आठ महिन्यांनी ती आली तेव्हा गुदद्वाराजवळ गळू झालं होतं आणि वजन पाच किलोंनी उतरलं होतं. क्रोनच होता. ते आठ महिने तिला कुणी परत देऊ शकलं नाही.

तुमच्या रिपोर्टमध्ये फक्त आयजीजी, तेही थोडंसं पॉझिटिव्ह आहे. आयजीए आणि आयजीजी दोन्ही ठळक पॉझिटिव्ह असते तर त्याला जरा तरी वजन आलं असतं. ‘एएनसीए निगेटिव्ह’ आहे म्हणून कोलायटिस नाही, असंही समजू नका. एकदा रिपोर्टवर तपासणीची पद्धत कोणती लिहिली आहे ते बघा. पुष्कळ लॅब एएनसीए म्हणून एमपीओ आणि पीआर३ या दोनच गोष्टींविरुद्धच्या अँटीबॉडी मोजतात. ती तपासणी मुळात रक्तवाहिन्यांच्या आजारांसाठी आहे. कोलायटिसमधली एएनसीए बहुतेक वेळा वेगळ्याच लक्ष्याविरुद्ध असते. ती काचपट्टीवर पांढऱ्या पेशी घेऊन, चमकणारा रंग वापरून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते.

आता आपल्याकडचा सगळ्यात मोठा मुद्दा. क्रोनसारखाच दिसणारा एक आजार आपल्या देशात घरोघरी माहीत आहे, तो म्हणजे आतड्याचा टीबी. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तीच दोघांची आवडती जागा. दोघांतही पोटदुखी, ताप, वजन घटणं, ॲनिमिया, आणि दुर्बिणीतून दिसणारे व्रणही कधी कधी इतके सारखे की अनुभवी डॉक्टरही चक्रावतात. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाही तो टीबीपासून वेगळा कसा हे त्यांना मांडावं लागलं होतं. मग अस्का इथे तरी मदत करतं का? २००७ साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं. आतड्याच्या टीबीच्या रुग्णांतही अस्का जवळपास क्रोनइतक्याच प्रमाणात पॉझिटिव्ह आलं. युरोप-अमेरिकेत टीबी दुर्मीळ, त्यामुळे तिथल्या मुलात पॉझिटिव्ह अस्काचा जो अर्थ लागतो तो आपल्या मुलाला जसाच्या तसा लावता येत नाही. तुमच्या रिपोर्टखालचं ते छापील वाक्य मशीनमधून येतं. मूल कुठे राहतं आणि घरात कुणाला टीबी झालेला आहे का, हे मशीनला माहीत नसतं.

म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगते. या रिपोर्टच्या भरवशावर कुणीही तुमच्या मुलाला क्रोन समजून स्टेरॉइड (दाह कमी करणारं औषध) सुरू करत असेल तर थांबवा. तो टीबी निघाला तर स्टेरॉइडमुळे शरीरभर पसरू शकतो. ‘टीबीच असेल, औषधं देऊन बघू’ असं कुणी दुर्बिणीआधीच म्हणालं तरी थांबवा, कारण क्रोन असेल तर तुमचे आणखी काही महिने जातील आणि पँट तशीच राहील. आधी आतडं बघायचं, तपासणीसाठी अस्तराचा छोटा तुकडा (बायोप्सी) घ्यायचा, मग औषध. तुकडा तपासूनही कधी कधी पक्कं उत्तर मिळत नाही. अशा वेळी काही महिने टीबीची औषधं देऊन पुन्हा दुर्बिणीने बघतात, व्रण भरले की नाही ते. तसा निर्णय झालाच तर तो सगळं बघून घेतलेला निर्णय असेल.

दुर्बिणीचं भय मला समजतं. माझ्यासमोर बसलेली प्रत्येक आई तेच विचारते. आदल्या दिवशी पातळ आहार आणि पोट साफ होण्याचं औषध, खरा त्रास मुलाला त्याचाच होतो. ते चवीला वाईट असतं आणि भरपूर प्यावं लागतं. थंड करून दिलं तर जरा बरं जातं. तपासणीच्या वेळी मूल भुलीत गाढ झोपलेलं असतं. गुदद्वारातून लवचिक नळी मोठ्या आतड्यातून पुढे, लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतात. तिथवर पोहोचणं गरजेचं, कारण क्रोन तिथेच लपतो. त्याच भुलीत तोंडावाटे जठरही बघतात. जिथे वरून ठीक दिसतं तिथूनही तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतात. ते घेतल्याचं मुलाला कळतही नाही, आतड्याच्या आतल्या अस्तराला चिमटा जाणवत नाही. मुलांसाठी युरोपातल्या तज्ज्ञांनी ठरवलेले जे निकष जगभर पाळले जातात, त्यांत वरून आणि खालून दुर्बीण, तुकडे आणि लहान आतड्याचा एमआरआय या गोष्टी आहेत. अँटीबॉडीची तपासणी त्यांत आवश्यक मानलेली नाही. निदान झाल्यावर क्रोन की कोलायटिस अशी शंका उरली, तर तिचा थोडा आधार घेतात, एवढंच.

डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. आतड्याच्या तुकड्याची टीबीसाठी जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) आणि कल्चर (जंतू वाढवून बघण्याची) ही तपासणीही व्हावी. त्यासाठी तुकडा वेगळ्या बाटलीत, फॉर्मलिनशिवाय (तुकडे टिकवायच्या रसायनाशिवाय) पाठवावा लागतो, तेव्हा हे आधी बोलून ठेवा. आणि छातीचा एक्स-रे, मॉन्टू टेस्ट (टीबीसाठी हातावर सुई देऊन करायची चाचणी) झालेली नसेल तर तीही.

दुर्बिणीची तारीख मिळेपर्यंत शौचाची कॅलप्रोटेक्टिन ही तपासणी करता येईल. कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतलं प्रथिन आहे. आतड्याला दाह असला की या पेशी आतड्यात उतरतात आणि ते शौचात सापडतं. रक्तातल्या अँटीबॉडीपेक्षा ही तपासणी कितीतरी उपयोगाची, कारण ती आतड्यात आत्ता काय चाललंय ते सांगते. मात्र टीबी किंवा जंतुसंसर्गातही ती वाढते, आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकानंही. पोट दुखलं की तापाचं ते गुलाबी-केशरी मिक्स सिरप देत असाल तर त्यात आयब्युप्रोफेन आहे का बघा, आणि असेल तर बंद करा. आयबीडीत ते आतड्याला त्रासही देतं. आणि कॅलप्रोटेक्टिन खूप वाढलेलं आलं म्हणून दुर्बीण टळत नाही, उलट तारीख अलीकडे आणायला मदत होते.

पावाबद्दल आता. अस्का म्हणजे यीस्टची ॲलर्जी नव्हे. पाव खाल्ल्याने हा आजार होत नाही, आणि बंद केल्याने ही अँटीबॉडी किंवा आजार जात नाही. मॅननसारख्याच साखरा कँडिडा या बुरशीवरही असतात, आणि ती बहुतेकांच्या आतड्यात राहते. अँटीबॉडी मुळात तिच्यामुळे तयार होत असावी असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. तुमचा मुलगा आधीच जेवत नाही, त्याची इडली, डोसा, जिलबी काढून घेऊ नका. जे तोंडात जातंय ते जाऊ द्या. त्याला आवडत असेल तर आजच इडली करा. तूप घाला, अंडं चालत असेल तर अंडं द्या.

पोळी मात्र अजिबात बंद करू नका. गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिॲक हा आजारही वाढ खुंटवतो, ॲनिमिया करतो, आणि गंमत म्हणजे त्यातही अस्का पॉझिटिव्ह येतं. त्याची टीटीजी नावाची रक्ततपासणी झालेली नसेल तर करून घ्या, सोबत एकूण आयजीएही. मूल गहू खात असेल तरच ती खरी येते. ती अँटीबॉडी फार भरवशाची आहे. मुलांत ती खूपच वाढलेली असली आणि सोबतची दुसरी तपासणीही जुळली, तर तुकडा न घेताही सीलिॲकचं निदान होऊ शकतं. तुमच्या मुलाचं रक्त पडणं आणि ईएसआर त्या बाजूचं वाटत नाही, पण तपासायला हवं.

धाकटीचं रक्त तपासू नका. क्रोनच्या रुग्णांच्या अगदी ठणठणीत भावंडांत आणि आईवडिलांत पाचांपैकी एकात अस्का पॉझिटिव्ह सापडतं, आणि त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. इस्रायलच्या सैन्याने जवानांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. पुढे ज्यांना क्रोन झाला, त्यांच्यापैकी तिघांत एकाच्या रक्तात ही अँटीबॉडी निदानाच्या आधीच होती. संशोधकांना हे मोलाचं आहे. पण सात वर्षांच्या खेळत्या मुलीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तुम्ही काय करणार? औषध देता येत नाही, टाळता येण्याजोगं काही नाही, उरते फक्त तुमची काळजी, जी ती मुलगी रोज तुमच्या चेहऱ्यावर वाचेल. तिची उंची आणि वजन दर सहा महिन्यांनी मोजा. पोटाची तक्रार, रक्त, वजन घटणं असं काही दिसलं तर तेव्हा बघू.

मुलाला पोटात असह्य कळ आली, पोट फुगून उलट्या थांबेनात, चढा ताप आला, रक्त भरपूर पडायला लागलं किंवा संडासच्या जागी गाठ होऊन दुखायला लागली, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा. ती जागा एकदा त्याच्याशी बोलून तुम्ही स्वतः बघा. या वयाची मुलं लाजेनं सांगत नाहीत, आणि तिथली गाठ किंवा लोंबणारी कातडी क्रोनकडे बोट दाखवते. तोंडात वारंवार फोड येतात का, गुडघे दुखतात का, डोळे लाल होतात का, तेही विचारा.

मुंबई-पुण्यात फक्त मुलांचे पोटविकारतज्ज्ञ आहेत. एकदा तरी त्यांना दाखवा, कारण मोठ्यांचे तज्ज्ञ वाढीकडे तितकं बघतीलच असं नाही. खर्चाची अडचण असेल तर ज्या रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा आणि कशाचा खर्च बसतो ते विचारून घ्या.

क्रोन निघालाच तर? मुलांत त्याचा पहिला उपचार बऱ्याच वेळा औषधसुद्धा नसतो. सहा ते आठ आठवडे बाकी सगळं जेवण बंद ठेवून ठरावीक पौष्टिक द्रव आहार दिला जातो. त्यानं आतड्याचा दाह बसतो, आणि वजनही वाढायला लागतं. अवघड आहे, घरात स्वयंपाकाचा वास सुटलेला असताना पोराला ग्लास हातात देणं. पण मुलं आपल्यापेक्षा जास्त निभावतात. पुढची औषधं त्यानंतर, आणि आज ती चांगली आहेत.

जाताना शाळेच्या आरोग्य तपासणीचं कार्ड सोबत न्या. त्यावर दरवर्षीची उंची आणि वजन लिहिलेलं असतं. कार्ड नसेल तर घरातल्या दारावर किंवा भिंतीवर पेन्सिलीनं त्याची उंची कधी खुणावली असेल, तिचा फोटो काढा, तारखेसह. आणि आज संध्याकाळी त्याला भिंतीला पाठ लावून उभं करून नवी खूण करा.

तुमची,
डॉक्टरताई